यादीत नसलेले कार्ड

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



व्याख्यानमालेच्या संयोजकांनी विषय विचारला, तेव्हा मी ‘आपल्या संगणक-प्रयोगशाळेची फायरवॉल’ असे उत्तर दिले. पलीकडे काही क्षण शांतता पसरली. त्यांचे आश्चर्य मी समजू शकते. मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या आणि आयुष्यभर व्याकरण व संतवाङ्मय शिकवलेल्या बाईने हीरक महोत्सवी वर्षात ज्ञानेश्वरीवर बोलावे, तारा आणि कार्डे यांवर नव्हे, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. परंतु गेल्या काही वर्षांत मला सर्वांत अधिक शिकवणारा प्रसंग त्या प्रयोगशाळेतच घडला आणि त्याची नोंद या वर्षी कोठेतरी व्हावी, असे मनापासून वाटले.

आधी पार्श्वभूमी सांगते. करोनाचा काळ ओसरू लागला आणि मुले शाळेत परतली, ती मोबाइलच्या सवयी घेऊनच. प्रयोगशाळेत चौदा संगणक आणि इंटरनेटची एकच जोडणी. त्यावर पहारा कोणताच नव्हता. सहावीतील एका मुलाच्या पडद्यावर नको ते दिसले, तो घाबरून घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचे वडील माझ्यासमोर बसले होते. ते रागावले नव्हते, हेच मला अधिक लागले. ‘बाई, आम्ही मुलाला मराठी शाळेत घातले ते विश्वासाने,’ एवढेच ते म्हणाले. इंदुरात मराठी माध्यमाची शाळा चालवणे म्हणजे काय, हे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. आपल्याकडे एकेक प्रवेश मोजून येतो, आणि एक पालक दुखावला तर त्याच्यामागोमाग आणखी दोघे जातात. कार्यकारिणीने योग्य तोच ठराव केला: डिसेंबरअखेर जालावर पहारा बसवावा, अन्यथा जोडणी बंद करावी. तयार फायरवॉलचे दरपत्रक मागवले. त्यातील आकडा आमच्या ग्रंथालयाच्या वर्षभराच्या तरतुदीहून मोठा निघाला.

फायरवॉल हा शब्द मूळचा बांधकामातला. एका भागातील आग दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून बांधतात ती भिंत. संगणकाच्या जगात तिचे काम मात्र भिंतीपेक्षा जुन्या जकातनाक्यासारखे असते. बाहेरून येणारी आणि आतून जाणारी प्रत्येक गोष्ट नाक्यावरून जाते. नाकेदार नियमांची वही पाहतो आणि सोडतो किंवा अडवतो. हे नाके कोणत्याही साध्या संगणकावर उभारता येते, कारण त्याची मुक्तस्रोत सॉफ्टवेअरे विनामूल्य मिळतात. त्यांचा वंशवृक्षही मला मोठा रंजक वाटला. ओपनबीएसडी या प्रणालीसाठी डॅनियल हार्टमायर यांनी ‘पीएफ’ हा गाळणीचा भाग लिहिला, तो २००१ साली प्रसिद्ध झाला. मॅन्युएल कॅस्पर यांनी २००३ साली ‘मोनोवॉल’ नावाची छोटी फायरवॉल फ्रीबीएसडीवर उभी केली. तिची एक शाखा २००४ साली निघाली, ती ‘पीएफसेन्स’. पुढे २०१५ साली पीएफसेन्सपासून ‘ओपीएनसेन्स’ निघाली. आम्ही पीएफसेन्स निवडली, त्यामागे कोणतेही तत्त्व नव्हते. आमच्या संगणक-शिक्षकांनी ती पूर्वी एकदा पाहिली होती, इतकेच.

एका माजी विद्यार्थ्याने कार्यालयातून निवृत्त झालेला एक संगणक दिला. यंत्र चांगले होते, पण त्याला नेटवर्कचे एकच पोर्ट होते. नाक्याला दोन दारे लागतात, एक गावाबाहेरचे आणि एक गावातले. म्हणून मी आणि सर जेल रोडच्या बाजारात गेलो आणि अडीच गिगाबिट वेगाचे एक नेटवर्क कार्ड घेऊन आलो. दुकानदाराने ‘सब में चलेगा’ म्हटले, आणि आम्ही दोघे शिक्षक असूनही प्रतिप्रश्न केला नाही. चूक झाली ती येथे. फ्रीबीएसडीच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर, कोणते उपकरण चालते आणि कोणते नाही, याची यादी प्रसिद्ध होते. ती आधी वाचायची असते. आम्ही ती कार्ड बसवून झाल्यावर वाचली.

यंत्र सुरू झाले. पडद्यावर एकच पोर्ट दिसत होते, यंत्राच्या अंगचे इंटेलचे, ‘ईएम०’ नावाचे. नवे कार्ड जणू तेथे नव्हतेच. त्याचा दिवा मात्र लागत होता.

याच टप्प्यावर अकरावीतील एक विद्यार्थिनी या कामात आली. तिचे नाव मी येथे घेत नाही, तिलाच ते आवडणार नाही. घरी हिंदी, शाळेत मराठी आणि वाचन इंग्रजी अशी ती मुलगी. तिने फ्रीबीएसडीची हस्तपुस्तिका उघडली आणि ‘पीसीआयकॉन्फ’ ही आज्ञा दिली. यंत्रात जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची त्यामुळे एक ओळ उमटते. प्रत्येक कार्डात दोन क्रमांक नोंदवलेले असतात, एक निर्मात्याचा आणि दुसरा उपकरणाचा, दोन्ही षोडशमान पद्धतीचे आणि चारचार अंकी. आमच्या कार्डाचा निर्माता-क्रमांक होता १०ईसी, म्हणजे रिअलटेक, उपकरण-क्रमांक ८१२५. यंत्राला कार्ड दिसत होते तर! पण इंटेलच्या ओळीच्या आरंभी जेथे ‘ईएम०’ होते, तेथे या ओळीच्या आरंभी इंग्रजीत लिहिले होते ‘नन’. कोणीही नाही.

‘बाई, हिच्या पालकाचा रकाना रिकामा आहे,’ ती म्हणाली. प्रवेश-नोंदवही रोज पाहणाऱ्या मला यापेक्षा सोपे स्पष्टीकरण कोणत्याही अभियंत्याने दिले नसते.

हा पालक म्हणजे ड्रायव्हर. मी वर्गात सांगताना ‘दुभाषी’ हा शब्द वापरते. कार्डाची स्वतःची बोली असते: कोणत्या कप्प्यात कोणता आकडा लिहिला म्हणजे ते जागे होते, आलेला मजकूर ते स्मृतीत कोठे ठेवते, काम झाल्याची खूण कशी करते. प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, ती बोली येत नाही. दोघांमध्ये कोणीतरी दुभाषी लिहून ठेवावा लागतो. ‘असमर्थित कार्ड’ म्हणजे बहुतेक वेळा बिघडलेले कार्ड नव्हे. त्याचा दुभाषी त्या प्रणालीच्या घरात अद्याप आलेला नसतो, इतकेच.

आणि हे दुभाषी लिहितो कोण? फ्रीबीएसडीच्या बाबतीत बरेचदा स्वयंसेवक. बिल पॉल नावाच्या अशा एका लेखकाची हकीकत मला फार आवडते. रिअलटेकची ८१३९ ही जुनी चिप अत्यंत स्वस्त होती आणि त्या काळी घरोघरच्या संगणकांत असे. तिची रचना अशी की आलेला प्रत्येक मजकूर मुख्य प्रोसेसरला एका जागेवरून उचलून दुसरीकडे पुन्हा उतरवून काढावा लागे. या गृहस्थांनी तिच्यासाठी ड्रायव्हर लिहिला आणि त्याच ड्रायव्हरच्या आरंभीच्या टिपणात त्या चिपची अशी खरडपट्टी काढली की आजही लोक ती हसत वाचतात. पण मला दिसते ते हे, की नावे ठेवूनही त्यांनी काम पूर्ण केले. सामान्य माणसाच्या यंत्रात हीच चिप आहे, हे त्यांना माहीत होते. वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याविषयी शिक्षक-कक्षात भरपूर तक्रार करून पुन्हा त्याच्याच वहीत तासभर मान घालून बसणारे शिक्षक मी पाहिले आहेत.

आमच्या कार्डाची स्थिती जराशी चमत्कारिक होती. फ्रीबीएसडीच्या गाभ्यात रिअलटेकसाठी ‘आरई’ नावाचा ड्रायव्हर होताच. परंतु तो त्या कुळातील जुन्या चिपांना ओळखत असे, ८१२५ ला नव्हे. खुद्द रिअलटेकने फ्रीबीएसडीसाठी स्वतःचा ड्रायव्हर उपलब्ध केला होता, त्यात ८१२५ होती, आणि फ्रीबीएसडीच्या भांडारात तो ‘रिअलटेक-आरई-केमॉड’ या नावाने तयार स्वरूपात ठेवलेलाही होता. म्हणजे दुभाषी जन्मलेला होता, शेजारच्या घरात राहत होता. फक्त त्याला बोलावून आणायचे होते.

तो जालावरून उतरवायचा, आणि जाल नीट चालायला तोच हवा. दाराची किल्ली घरातच राहून दार लागावे, तसे झाले. मुलीने दुसऱ्या संगणकावरून ती फाइल पेन ड्राइव्हवर आणली. ‘आयएफ-आरई.केओ’ हे तिचे नाव. ‘बूट’ या कप्प्यातील ‘मॉड्यूल्स’मध्ये ती ठेवायची. मग ‘लोडर.कॉन्फ.लोकल’ या फाइलीत दोन ओळी लिहायच्या: पहिली, हा ड्रायव्हर यंत्र सुरू होतानाच घ्या, दुसरी, तो अमुक ठिकाणच्या फाइलीतून घ्या. दुसरी ओळ अनावश्यक वाटते, पण तीच महत्त्वाची. गाभ्यात त्याच नावाचा ड्रायव्हर आधीपासून बसलेला आहे. वर्गात एकाच नावाचे दोन विद्यार्थी असले की हजेरी घेताना पूर्ण नाव पुकारावे लागते, तसा येथे पूर्ण पत्ता द्यावा लागतो. आणि फाइलीच्या नावातील ‘लोकल’ हा शब्द विसरायचा नाही, कारण नुसती ‘लोडर.कॉन्फ’ प्रणाली स्वतःच पुन्हा लिहून काढते आणि आपले अक्षर पुसले जाते.

यंत्र पुन्हा सुरू केले. कार्ड नव्हतेच. पडद्यावर एक ओळ सरकन निघून गेली. तिचा अर्थ असा होता की हा ड्रायव्हर ज्या गाभ्यावर अवलंबून आहे त्याची आवृत्ती जुळत नाही.

संध्याकाळचे सहा वाजले होते. आमचे शिपाईमामा दोनदा किल्ल्या वाजवून गेले होते. सर म्हणाले, ‘बाई, सोडून द्या आता.’ ती मुलगी मात्र काही न बोलता वहीवर आकडे लिहीत होती. आमची पीएफसेन्स २.५.२ होती आणि ती फ्रीबीएसडी १२ वर आधारलेली. आणलेली फाइल होती फ्रीबीएसडी १३ साठी तयार केलेली. कर्नलचा ड्रायव्हर हा शिंप्याने मापाने शिवलेल्या कपड्यासारखा असतो. कर्नलच्या अंतर्गत रचना मोठ्या आवृत्तीगणिक बदलतात, आणि एकीसाठी बांधलेला ड्रायव्हर दुसरी सहसा स्वीकारत नाही. स्वीकारला तर ते अधिक धोक्याचे. नवे तेच चांगले, असे समजून आम्हीच चुकीची फाइल उचलली होती.

दुसऱ्या दिवशी १२ साठीची फाइल आणली. यंत्र सुरू झाले आणि पडद्यावर ‘आरई०’ उमटले. मामांनी विचारले, ‘झालं का?’ आणि आम्ही तिघेही एकदम ‘झालं!’ म्हणालो. मग ‘के-एल-डी-स्टॅट’ या आज्ञेने ड्रायव्हर खरोखरच गाभ्यात बसला आहे, याची खात्री केली. जाणकार अशा कार्डांबाबत आणखी एक पथ्य सांगतात: मजकुराच्या बेरजेची तपासणी कार्डावर न सोपवता प्रोसेसरकडेच ठेवावी. त्याची खूणही केली. डिसेंबर उजाडण्यापूर्वी नाके सुरू झाले आणि सहावीतील त्या मुलाच्या वडिलांना मी स्वतः बोलावून ते दाखवले. तो मुलगा यंदा नववीत आहे, आपल्याच शाळेत.

मी त्या मुलीला एकच काम अधिकाराने सांगितले. म्हटले, ‘केलेस ते मराठीत लिहून ठेव.’ ती कुरकुरली. तिचे म्हणणे, आज्ञा तर इंग्रजीतच आहेत. तरी तिने प्रयोगशाळेच्या नोंदवहीत तीन पाने लिहिली. तिसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ होती, तांबड्या शाईने दोनदा अधोरेखित केलेली: ‘ही फाइल फक्त बाराची आहे. प्रणाली बाराच्या पुढे नेण्याआधी नवी फाइल शोधा.’

ही ओळ मी तेव्हा वाचली होती. २०२३ सालच्या ऑगस्टमध्ये ती मला आठवली नाही.

त्याआधी २.५.२ वरून २.६.० वर गेलो, तेव्हा काहीच बिघडले नव्हते, कारण दोन्ही बाराच्याच कुळातल्या. त्यामुळे मला धीट वाटू लागले होते. २.७.० आली. सर तेव्हा दुसऱ्या शाळेत गेले होते. पडद्यावर नवी आवृत्ती असल्याची सूचना होती, मी स्वतः बटण दाबले आणि चहा घ्यायला गेले. २.७.० ही फ्रीबीएसडी १४ वर आधारलेली आहे. परत आले तेव्हा यंत्र काळ्या पडद्यावर थांबून एकच प्रश्न विचारत होते: नेमून दिलेले नेटवर्क सापडत नाही, कोणते वापरू? नोंदवलेले पोर्ट नाहीसे झाले की पीएफसेन्स पुढे जातच नाही. ते योग्यच आहे. नाकेदाराला एक दार दिसत नसेल तर त्याने अंदाजाने वाहतूक सुरू करू नये. परंतु त्या दिवशी मला ते योग्य वाटण्याची परिस्थिती नव्हती. मंडळाचे अर्ज ऑनलाइन भरण्याचा दुसरा दिवस शेवटचा होता आणि एकोणीस मुलांचे अर्ज राहिले होते. बाहेर सायबर कॅफेत मुलांची कागदपत्रे पाठवायला माझे मन धजेना. फायरवॉल काढून सरळ जोडणी करता आली असती. ठराव माझ्याच हातात होता आणि मी तो मोडू इच्छीत नव्हते.

मी त्या मुलीला फोन केला. ती आता अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात होती. मी सारे सांगितले. ती हसली नाही, हे तिचे मोठेपण. म्हणाली, ‘बाई, तिसरं पान.’

पुढचे तिने फोनवरूनच सांगितले. इंटेलचे ‘ईएम०’ हे पोर्ट तात्पुरते बाहेरचे दार म्हणून नेमले, त्यामुळे निदान त्या यंत्रापुरते जाल आले. पीएफसेन्सच्या स्वतःच्या भांडारातच आता आवृत्तीशी जुळणारा तोच ड्रायव्हर मिळत होता. तो एका आज्ञेने बसवला. जुन्या दोन ओळी ‘लोडर.कॉन्फ.लोकल’मध्ये तशाच होत्या. यंत्र पुन्हा सुरू केले, ‘आरई०’ आले, दोन्ही दारे पूर्ववत नेमली. रात्री साडेआठला पहिला अर्ज गेला, एकोणिसावा दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीच्या आधी.

आता पालक मला विचारतात, ‘आम्हीही घरी किंवा दुकानात असे करावे का?’ माझे मत स्पष्ट आहे आणि ते या कथेच्या उत्साहाशी जुळणारे नाही. शक्य असेल तर यादीतील कार्डच घ्यावे. मोठ्या कार्यालयांतून निवृत्त झालेली इंटेलची दोन किंवा चार पोर्टांची जुनी कार्डे स्वस्तात मिळतात आणि त्यांचे ड्रायव्हर फ्रीबीएसडीच्या गाभ्यातच असतात. कार्ड बदलणे अशक्य असेल, तर इतर वाटा आहेत. व्हीलॅन समजणारा स्विच असेल तर एकाच पोर्टातून दोन दारांचे काम घेता येते. किंवा यंत्रावर आधी लिनक्स बसवून, त्याच्या पोटात आभासी संगणकावर फायरवॉल चालवता येते. कार्डाशी लिनक्स बोलते आणि फायरवॉलला एक आभासी कार्ड दिसते. यूएसबीला लावायची जोडणीही चालते, पण चोवीस तास चालणाऱ्या नाक्यासाठी मी ती सुचवणार नाही. बाहेरून आणलेला ड्रायव्हर हा कायमचा सांभाळ आहे. प्रत्येक मोठ्या बदलाच्या वेळी तो आठवणारे कोणीतरी त्या घरात असावे लागते.

लिनक्सचा ड्रायव्हर सरळ उचलून फ्रीबीएसडीत का बसवत नाहीत, असे एका विद्यार्थ्याने परवा विचारले. प्रश्न चांगला आहे. एक तर दोन्ही कर्नलांची आतली रचना वेगळी. आणि दुसरे, लिनक्सचा परवाना म्हणतो की यापासून जे कराल तेही याच अटींवर खुले ठेवा, तर फ्रीबीएसडीचा परवाना बहुतेक सारे मुक्त सोडतो. त्यामुळे उतारा सहजी घेता येत नाही, बहुधा नव्याने लिहावे लागते. दोन्ही घरे उदार आहेत, पण उदारपणाचे नियम निराळे आहेत.

गेल्या वर्षी आम्ही दोन पोर्टांचे इंटेलचे जुने कार्ड घेतले आणि नाके त्यावर नेले. आवृत्ती बदलताना आता धाकधूक होत नाही. रिअलटेकचे ते कार्ड टाकलेले नाही. अकरावीच्या मुलांना दरवर्षी एक रिकामे यंत्र, ते कार्ड आणि नोंदवहीची ती तीन पाने देते, आणि सांगते की ‘नन’च्या जागी नाव आणून दाखवा. यंदाच्या तुकडीने तिसऱ्या पानाखाली स्वतःचे चौथे पान जोडले आहे. त्यात शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत आणि तांत्रिक एकही नाही.

कार्यक्रमानंतर प्रयोगशाळा उघडी आहे. मामांनी किल्ली माझ्याकडेच दिली आहे. नोंदवही खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली आहे, ज्यांना पाहायची असेल त्यांनी अवश्य पाहावी.